चढत्या शेअरला हात लावू नये, हा समज कितपत खरा?

कोल्हापुरात शाहूपुरीपासून राजारामपुरीपर्यंत गुंतवणुकीचा विषय निघाला, की 'चढता शेअर विकणे म्हणजे दुभती म्हैस बाजारात नेणे, आणि रोकड ठेवणे म्हणजे पैसा कुजवणे' असे ठामपणे सांगितले जाते. म्हशीची उपमा आपल्याकडे पटकन पटते, परंतु इथे ती फसवी आहे; म्हैस तुकड्यांनी विकता येत नाही, शेअर विकता येतात.

समजा, एका कंपनीचे शेअर ८ लाखांचे आणि राखीव रोकड २ लाखांची, म्हणजे एकूण रकमेच्या २० टक्के आहे. भाव दुप्पट झाला, की एकूण रक्कम १८ लाख होते, पण रोकडीचा वाटा, तिला कोणी हात न लावताही, जेमतेम ११ टक्क्यांवर येतो. १ लाख ६० हजारांचे शेअर विकले, तर तो पुन्हा २० टक्के होतो आणि १४ लाख ४० हजारांचे शेअर हाती राहतात. पुढे भाव निम्मा झाल्यास एकूण १० लाख ८० हजार उरतात; न विकता १० लाखच उरले असते. उलट भाव आणखी २५ टक्के चढल्यास ४० हजारांचा लाभ हुकतो, हेही मान्य केले पाहिजे.

कराचा बाऊ मात्र अनाठायी आहे. शेअर मुळात ८ लाखांनाच घेतले असतील, तर या विक्रीतील नफा ८० हजारांचा आहे; बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, शेअरांवर, जुलै २०२४ मधील बदलांनुसार, वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के आहे.

राहिला रोकडीचा प्रश्न. ती बचत खात्यातच पडून राहावी असे नाही, लिक्विड फंडातही, म्हणजे अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडातही, ठेवता येते. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला, तेव्हा ज्यांना घरखर्चासाठी शेअर विकावे लागले नाहीत, ते अशा राखीव रकमेमुळेच.