झेंडूच्या माळेसारखे रेणू आणि त्यांचा उजेड

दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या माळा टोपल्यांमध्ये एकीला एक चिकटून पडलेल्या असतात बघा, फुलाचा मधला भाग घट्ट आणि भोवती मऊ पाकळ्यांची झालर. चकतीसारख्या द्रवस्फटिकांचे रेणू मला अगदी तसेच वाटतात, फक्त इथे ओवायला दोरा लागत नाही, ते आपले आपणच एकावर एक रचले जातात.

द्रवस्फटिक म्हणजे जो वाहतो पण शिस्त सोडत नाही असा पदार्थ. आधी समजलं जायचं की त्यासाठी रेणू काडीसारखा लांबटच हवा, एलसीडी स्क्रीनमध्ये असतात तसा. मग 1977 साली बंगलोरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी बेन्झिनच्या, म्हणजे सहा कार्बनच्या, कड्याला सहा शेपट्या (कार्बनच्या साखळ्या) लावलेले चपटे रेणू घेतले आणि तेही द्रवस्फटिक होतात हे दाखवून दिलं, पेपर छापला तोसुद्धा 'प्रमाण' या भारतीय जर्नलमध्ये. हे शाळेच्या पुस्तकात यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

आता असा रेणू बनवायचा कसा? ट्रायफेनिलीन नावाच्या चपट्या रेणूचं उदाहरण घेऊ. कॅटेकॉल म्हणजे शेजारीशेजारी दोन ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट) असलेलं बेन्झिनचं कडं, त्या दोन्हींना पाच-पाच कार्बनच्या शेपट्या जोडायच्या, मग त्यात फेरिक क्लोराईड टाकायचं, लॅमिंग्टन रोडवर सर्किट बोर्डावरचं तांबं कोरून काढायला मिळतं तेच, फक्त लॅबमध्ये पाण्याचा अंश नसलेलं वापरतात. ते इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि तीन कडी एकमेकांना जोडली जातात, मधे चौथं कडं आपोआप तयार होतं, आणि तीन दुणे सहा शेपट्या बाहेर! मला ही रिअॅक्शन फार सुंदर वाटते. हा पदार्थ साधारण 69 ते 122 डिग्री सेल्सिअसमध्ये माळांसारखे खांब करून राहतो, खांबातल्या दोन चकत्यांमध्ये अंतर जेमतेम 0.35 नॅनोमीटर, आणि त्या खांबातून विद्युतभार एका चकतीवरून दुसरीवर उड्या मारत जातो.

उजेडाचं मात्र अवघड आहे. टिनोपॉल लावलेला शर्ट उन्हात कसा निळसर पांढरा दिसतो, तो न दिसणारे अल्ट्राव्हायोलेट किरण गिळतो आणि दिसणारा उजेड बाहेर टाकतो, तीच ही फ्लुरोसन्स. ट्रायफेनिलीन इतकं सममित आहे की त्याचा उजेड फिका पडतो, म्हणून केमिस्ट एखादा वेगळा गट जोडून ती सममिती मुद्दाम मोडतात. पेरिलीन या दुसऱ्या चपट्या रेणूच्या चकत्या पातळ द्रावणात झकास चमकतात, पण खांबात चिकटून बसल्या की ऊर्जा शेजाऱ्यांमध्ये वाटली जाते आणि चमक विझत जाते. मग चकत्या जरा लांब राहाव्यात म्हणून फांद्या फुटलेल्या जाडजूड शेपट्या लावायच्या, पण अंतर वाढलं की विद्युतभाराच्या उड्या चुकतात, म्हणून शेपटीची लांबी एकेक कार्बनने बदलून तोच रेणू परत परत बनवून बघावा लागतो.