ड्रम आणि डिस्क : एकाच वर्षी पेटंट झालेले दोन ब्रेक

नवी गाडी बघायला गेलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो : मागे डिस्क आहेत की ड्रम? ड्रम म्हटलं की 'कंपनीने पैसे वाचवले' असा शेरा पडतो. त्यात तथ्य आहे, ड्रम स्वस्तच पडतो. पण डिस्क म्हणजे नवं तंत्र आणि ड्रम म्हणजे जुनाट, ही समजूत इतिहासाला धरून नाही. दोघांची पेटंटं १९०२ सालचीच आहेत.

फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेकचं पेटंट घेतलं : चाकाबरोबर फिरणारा ड्रम आणि आतून फाकून त्याला घासणारे शू. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमटणारा ब्रेक नोंदवला. कल्पना आजच्या डिस्क ब्रेकचीच, पण घासायला तांबं होतं. धातूवर धातू घासून कर्कश आवाज व्हायचा, आणि त्या काळच्या कच्च्या, धुळीच्या रस्त्यांवर तांबं भराभर झिजायचं. ड्रमचं कामकाज झाकलेलं असल्याने धूळ-चिखल आत कमी जायचा. पुढे हर्बर्ट फ्रूडने शूवर बसवायचे ॲस्बेस्टॉसचे लायनर, म्हणजे घासणारे थर, आणले आणि ड्रमची गाडी मार्गी लागली. त्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना किती घातक असते, याची किंमत ड्रम उघडून हवा मारणाऱ्या कामगारांनी मोजली. ब्रेकच्या इतिहासात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते, म्हणून मुद्दाम लिहितो.

ड्रमला आणखी एक मोठा फायदा होता. दाराखाली सारलेली पाचर दार ढकलावं तशी घट्ट होत जाते, तसा पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर आत खेचला जाऊन आपोआप जोराने दाबला जातो. त्यामुळे पॅडलवर पाय कमी दाबावा लागतो. डिस्कमध्ये अशी आयती मदत नसते, सगळा जोर बाहेरून द्यावा लागतो. पायाचा जोर वाढवून देणारा बूस्टर सर्रास मिळेपर्यंत जड गाडीला डिस्क लावणं म्हणजे ड्रायव्हरच्या पायाची परीक्षाच. जोर चारही चाकांना सारखा पोचवण्याचा प्रश्न ब्रेक ऑइलने सोडवला. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या गाडीला चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. हेन्री फोर्ड मात्र लोखंडी सळ्यांवर आणि केबलवर अडून बसले. फोर्ड गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक मिळायला १९३९ चं मॉडेल उजाडावं लागलं.

वेग वाढत गेला तशी ड्रमची दुखरी जागा उघडी पडली, ती म्हणजे उष्णता. ब्रेक गाडीचा वेग उष्णतेत बदलतो आणि बंद ड्रममधून ती लवकर बाहेर पडत नाही. तापलेला ड्रम प्रसरण पावतो आणि शूपासून लांब जातो. लायनरची पकडही सुटत जाते, पॅडल खोल जातं आणि जळका वास येतो. घाट उतरताना पहिल्याच गिअरमध्ये रडत चाललेले भरलेले ट्रक दिसतात, ते याच भीतीने. डिस्क तापली तर जाड होते, म्हणजे तिला चिमटणाऱ्या पॅडच्या जवळच येते, शिवाय ती उघड्या वाऱ्यात फिरते.

विमानांना उतरताना हीच अडचण होती. त्यांच्यासाठी डिस्क ब्रेक बनवणाऱ्या डनलॉपने जॅग्वारबरोबर काम सुरू केलं. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या रीम्सला स्टर्लिंग मॉसने डिस्क लावलेल्या सी-टाइप या जॅग्वारच्या शर्यतीच्या गाडीवर शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी ल मान्सला टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या सी-टाइपने चोवीस तासांची शर्यत ताशी सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीने मारली. शंभर मैलांच्या वर सरासरी तिथे पहिल्यांदाच गेली. सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्याच्या टोकाला वळण येतं, तिथे जॅग्वारचे चालक इतरांपेक्षा उशिरा ब्रेक दाबू शकत, आणि तासामागून तास तितक्याच खात्रीने. १९५५ मध्ये मर्सिडीजला ड्रमवर भागेना म्हणून चालकाच्या पाठीमागे वाऱ्यात उभी राहणारी मोठी फळी बसवावी लागली, यावरून दोघांतली तफावत समजावी.

त्याच वर्षी पॅरिसला आलेल्या सिट्रोएन डीएसने डिस्क सामान्य खरेदीदारापर्यंत आणली, पण फक्त पुढच्या चाकांना. मागे ड्रमच होते, आणि ते तर्काला धरून होतं. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे कलतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकंच करतात.

आपल्याकडे ही वाटचाल उशिरा झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी मूळच्या फियाट ११००डी वर बेतलेली. चारही चाकांना ड्रम, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी वर्षानुवर्षं त्यांवरच धावली. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रम पकडत नसत. मग पॅडलवर हलकासा पाय ठेवून थोडं अंतर चालवत ते वाळवावे लागत. नंतर पुढे डिस्क, मागे ड्रम ही जोडी रुळली. आजही स्विफ्टसारख्या गाडीत तीच आहे. शहरात चालणाऱ्या हलक्या गाडीला मला ती पुरेशी वाटते. भरल्या गाडीने घाट, वेगाने लांबचा प्रवास असं नेहमीचं असेल, तर मागच्या डिस्कसाठी पैसे द्यावेत.

आणि इलेक्ट्रिक गाड्यांनी चक्र पुन्हा उलटं फिरवलंय. मोटरच वेग आवरते, त्यामुळे मागचे ब्रेक फार कमी लागतात. न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो. कोकणात पावसाळ्यात रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या ब्रेकला कशी खरखरते ते ठाऊकच आहे. झाकलेल्या ड्रमला हा त्रास कमी. फोक्सवागनने आयडी.३ आणि आयडी.४ ला मागे ड्रम दिले, त्यामागे हाच विचार आहे. शिवाय युरोपच्या युरो ७ या वाहन-प्रदूषणाच्या नियमांनी ब्रेकमधून उडणाऱ्या सूक्ष्म धुळीवरही पहिल्यांदाच मर्यादा घातली : इलेक्ट्रिक कारला किलोमीटरमागे ३ मिलिग्रॅम, इतर बहुतेक कारना ७. ड्रममधली धूळ बरीचशी आतच राहते, म्हणून तिथले अभियंते मागच्या ड्रमकडे पुन्हा लक्ष देऊ लागलेत.