कंगव्याभोवतीची रिकामी जागा

बारावीच्या भौतिकशास्त्राचं पहिलंच प्रकरण विद्युत प्रभार आणि क्षेत्राचं. पीयूचे, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीचे, वर्ग भरतात ते साधारण जूनच्या सुमारास. खानापूर-जांबोटीकडे पावसाची झड लागलेली, बेळगावात भिंतींना ओल, आणि वर्गात सर प्लास्टिकची पट्टी घासताहेत. कागदाचा कपटा मात्र हलत नाही. दमट हवेत पट्टीवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि घासून साठवलेला प्रभार त्यातून निसटतो. मग मुलं सूत्र पाठ करतात.

त्यापेक्षा हा धडा आठवी-नववीतच द्यावा, आणि तोही डिसेंबर-जानेवारीत. केसांना तेल नको, एवढं पथ्य पाळलं की साधा कंगवा पुरतो.

कपटा उडाला की टाळ्या पडतात आणि बहुतेक वर्ग तिथेच थांबतो. खरा प्रश्न पुढे आहे. कंगव्यावर ऋण प्रभार आला, ठीक. पण कागदावर तर काहीच नव्हतं. मग तो ओढला का गेला? कंगवा जवळ आला की कागदाच्या रेणूंमधले प्रभार किंचित सरकतात: धन बाजू कंगव्याकडे, ऋण बाजू पलीकडे. आता धन बाजू ओढली जाते आणि ऋण बाजू तेवढ्याच जोराने ढकलली जाते, असं झालं असतं तर कपटा जागचा हलला नसता. तो हलतो, कारण कंगव्याजवळ विद्युत क्षेत्र, म्हणजे प्रभाराचा भोवतालच्या जागेत पसरलेला प्रभाव, तीव्र आहे आणि जरा लांब गेलं की मंद. ओढ ढकलण्यावर मात करते ती एवढ्याशा फरकामुळे.

प्रभार एका बिंदूत एकवटलेला धरला, तर अंतर दुप्पट केल्यावर क्षेत्र एक चतुर्थांश उरतं. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा हा नियम कूलॉम या शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये पिळाच्या तराजूवर, म्हणजे तारेला पडलेल्या पिळावरून बल मोजणाऱ्या उपकरणावर, मोजून दाखवला. पण प्रभार नसलेल्या बारीक कपट्यावरची ओढ मात्र ३२ पटींनी घटते. म्हणून तो बराच वेळ ढिम्म राहतो आणि मग एकदम झेपावतो.

इथे मुलांना विचारावं: कपटा उचलून घेतला, तर त्या जागी काय उरलं? क्षेत्र उरलंच. तिथे एक कूलॉम (हे प्रभाराचं एकक) धन प्रभार ठेवला असता तर त्यावर किती आणि कोणत्या दिशेने बल लागलं असतं, एवढंच क्षेत्र सांगतं. बलाची दिशा दाखवणारी बलरेषा ही फॅरेडे या शास्त्रज्ञाची कल्पना. गणिताचं फारसं शिक्षण नसलेल्या माणसाची, हे मुलांना जरूर सांगावं. त्या रेषा म्हणजे हवेत ताणलेले दोरे नव्हेत, की प्रभाराने चालायची वाटही नव्हे. दोन रेषा एकमेकींना छेदत नाहीत, कारण एका ठिकाणी बलाला दोन दिशा असू शकत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा हाच खेळ आभाळभर चालतो. निरभ्र दिवशी जमिनीलगत मीटरला सुमारे १०० व्होल्ट क्षेत्र असतं. गडगडाटी ढगाखाली ते हजारांवर जातं. ढगाचा तळ बहुधा ऋण, त्यामुळे खालची जमीन धन होते. कोरडी हवा फुटायला, म्हणजे तिच्यातून ठिणगी पडायला, मीटरला साधारण ३० लाख व्होल्ट लागतात. इतकं तीव्र क्षेत्र टोकदार, उंच गोष्टींपाशी आधी तयार होतं. माळावरचं एकटं झाड म्हणूनच वाईट.

आणि पत्र्याची एसटी बरी. फॅरेडेने १८३६ मध्ये धातूच्या पत्र्याने मढवलेली खोली करून बाहेर ठिणग्या पाडल्या. आत प्रभाराचा मागमूस नव्हता. बसमध्ये काचा लावून घ्याव्यात आणि खिडकीची दांडी सोडून बसावं.