सुरतेवर विमान आलं, हे बडोद्यात कसं कळेल?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात ‘बडोदा’ नावाची एक तुकडी होती, क्रमांक १२४. महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांच्या देणगीवरून तिला हे नाव मिळालं आणि १९४१ मध्ये ती स्पिटफायर विमानं घेऊन उभी राहिली. बडोदेकरांना याचं कौतुक असणारच. पण विमान कितीही चपळ असो, शत्रू कुठून येतोय हे ठाऊक नसेल तर ते आकाशात नुसतं पेट्रोल जाळणार. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन आक्रमण उंबरठ्यावर असताना ब्रिटनने हा प्रश्न रडारने, म्हणजे रेडिओलहरींनी विमान हुडकणाऱ्या यंत्रणेने, आधीच बऱ्यापैकी सोडवला होता.

त्याआधीचा उपाय होता कानांचा. इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर आवाज गोळा करणाऱ्या काँक्रीटच्या प्रचंड वाट्या आणि भिंती बांधल्या होत्या. पण ३० किलोमीटरवरचा आवाज पोचायलाच दीड मिनिट लागतं. तेवढ्यात ताशी ३६० किलोमीटर वेगाचं विमान ९ किलोमीटर पुढे आलेलं असतं.

मग सरकारी विचारणा झाली ती चक्क मृत्युकिरणांची! रेडिओलहरींनी वैमानिक मारता येईल का? रेडिओ शास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटसन-वॅट यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी गणित मांडून सांगितलं, मारता येणार नाही. पण विमानावर आपटून परतणारी लहर पकडता येईल. २६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्याच प्रक्षेपणावर प्रयोग झाला आणि एक बॉम्बफेकी विमान १३ किलोमीटरवर ओळखता आलं.

रेडिओलहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. बडोद्याहून सुरत सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर. सुरतेवरच्या विमानाला धडकून लहर बडोद्याला परतायला सेकंदाचा हजारावा भागही लागणार नाही. हा वेळ मोजला की अंतर हातात. दिशा काढणं मात्र किचकट. काचनळीवरच्या उजळ रेघेत प्रतिध्वनीचा दात दिसला की ऑपरेटर, बऱ्याचदा एखादी तरुण मुलगी, एक बटण हळूहळू फिरवायची. दात नाहीसा होतो, तो कोन टिपून घ्यायची.

माझ्या मते खरी करामत यापुढची. किनाऱ्यावरच्या ‘चेन होम’ नावाच्या रडार केंद्रांतून टेलिफोनवर येणारे आकडे एकमेकांशी जुळत नसत. लढाऊ विमानांच्या मुख्यालयात, बेंटली प्रायरीतल्या खोलीत ते पडताळून एक चित्र तयार व्हायचं आणि तेच पुढे तळांकडे जायचं. तिथल्या नकाशावरच्या सोंगट्यांचे रंग घड्याळातल्या पाच-पाच मिनिटांच्या रंगांशी जुळवलेले. शिळी बातमी रंगावरून लगेच ओळखू यायची. किनारा ओलांडून आत आलेल्या विमानांवर ही केंद्रं काम करत नसत. तिथे दुर्बिणी घेतलेले निरीक्षकच.

जर्मनांकडे रडार नव्हतं, हा समज चुकीचा आहे. त्यांचं ‘फ्राया’ यंत्र कारागिरीत सरसच होतं. फक्त त्याच्यामागे ही टेलिफोनची साखळी नव्हती. ब्रिटिश रडारच्या मनोऱ्यांवर त्यांनी बॉम्बही टाकले. पण स्फोटाचा झोत पोलादी जाळीतून आरपार जायचा आणि मनोरे उभेच राहायचे. १५ ऑगस्ट १९४० ला जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग यानेच विचारलं, हे हल्ले चालू ठेवण्यात काही अर्थ आहे का?