गोळ्या खाऊनही रक्त का वाढत नाही?

विदर्भातल्या खेड्यात ‘रक्त कमी आहे’ हे ऐकून आता कोणी दचकत नाही. आशाताई लोहाच्या लाल गोळ्या देतात, अंबाडीची नाहीतर पालकाची भाजी खा म्हणतात, आणि विषय मिटतो. बहुतेकांचं रक्त वाढतंही. इन्सुलिनवर असलेल्या काही तरुण मुलामुलींचं मात्र गोळ्यांची पाकिटं संपली तरी वाढत नाही, आणि दोष त्यांच्याच माथी येतो: ‘गोळ्या खातच नसेल.’

समजा, यवतमाळकडची २२ वर्षांची एक मुलगी आहे. शाळकरी वयापासून टाइप १ मधुमेह. उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो आणि लाइट जाते, म्हणून इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात. कापूस वेचताना ओटी निम्मीही भरत नाही तोच तिला दम लागतो. जेवायला बसली की दोन घासांत पोट भरतं. पायाला मुंग्या येतात. हिमोग्लोबिन ८. या प्रत्येक तक्रारीला गावात उत्तर तयार असतं. मुंग्या? शुगरमुळे. पोट? गॅस. रक्त? बाईमाणसाचं कमीच असतं, आणि तपासणीत सिकलसेल ‘एएस’ निघाला असेल तर प्रश्नच मिटला.

तिथेच गफलत होते. एएस म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक, आणि केवळ वाहक असल्यानं हिमोग्लोबिन ८ वर येत नाही. कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि टाइप १ च्या माणसात ते जठरात सापडण्याची शक्यता बरीच असते.

टाइप १ मध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाच शत्रू समजते. ही चूक पुष्कळदा एकाच अवयवावर थांबत नाही. थायरॉइडवर हल्ला होतो हे आता बऱ्याच डॉक्टरांच्या लक्षात असतं. जठर मात्र विसरलं जातं. जठराच्या वरच्या आणि मधल्या भागातल्या पराइटल पेशी दोन कामं करतात: आम्ल तयार करणं, आणि ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचं प्रथिन तयार करणं. टाइप १ च्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांच्या रक्तात या पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी सापडतात. प्रत्यक्ष जठराचा आजार ५ ते १० टक्क्यांना होतो. इतर लोकांत हे प्रमाण सुमारे २ टक्के आहे.

आधी आम्ल घटतं. भाकरी, डाळ, भाजीतलं लोह शोषलं जायला आम्ल लागतं, गोळीतल्या लोहालाही त्याची मदत होते. म्हणून तरुणपणी आधी लोहच कमी पडतं आणि गोळ्या वाया जातात. रक्ताला आणि नसांना लागणाऱ्या बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता मागाहून येते, कारण यकृतातला त्याचा साठा काही वर्षं पुरतो. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला बी-१२ आत घ्यायचं तर इंट्रिन्सिक फॅक्टरनं त्याला धरून आणावं लागतं. तो नसेल तर दूध, अंडी, मटण खाऊनही फारसा उपयोग नाही.

हे कळलं कसं, तो किस्सा सांगायलाच हवा. १९२० च्या दशकात बोस्टनमध्ये विल्यम कॅसल हा डॉक्टर खिमा खायचा, तासाभरानं तो पोटातून परत काढायचा आणि बी-१२ अभावी होणाऱ्या पांडुरोगाच्या रुग्णांना द्यायचा. किळस येईल, पण रुग्णांचं रक्त वाढलं; नुसत्या खिम्यानं वाढत नव्हतं. निरोगी जठरात असं काही आहे जे यांच्या जठरात नाही, हे त्यातून ठरलं. त्याच्या थोडं आधी, १९२६ मध्ये, जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी भरपूर यकृत खायला घालून असे रुग्ण वाचवले होते. १९३४ चं नोबेल त्यांना जॉर्ज व्हिपल या संशोधकासोबत मिळालं. मायनॉट स्वतः मधुमेही होते. नुकत्याच शोधलेल्या इन्सुलिननं त्यांना तारलं होतं.

आता आपल्याकडची अडचण. सिकलसेलच्या रुग्णांना फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी रोज देतात, आणि ते योग्यच आहे. पण ‘सिकल आहे’ एवढ्यावर वाहकालाही ती सुरू झाली आणि खरी उणीव बी-१२ ची असली, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांची हानी मात्र आतून चालूच राहते. मुंग्या वाढतात, अंधारात चालताना तोल जातो, घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला तर त्याची थरथर कळत नाही. सगळं शुगरच्या नावावर खपतं. त्यात लोह कमी असलं की तीन महिन्यांची शुगर खरीपेक्षा जास्त दिसू शकते. ती पाहून इन्सुलिन वाढवलं तर शुगर उतरून शेतात चक्कर येऊन पडायची वेळ. आणि पोट जड वाटतं म्हणून रोज सकाळी गॅसची गोळी! आधीच आटलेलं आम्ल आणखी दाबण्यासाठी. माझ्या मते यातलं सर्वांत सहज थांबवण्यासारखं हेच आहे.

रिपोर्टमध्येही फसगत होते. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी लहान होतात, बी-१२ कमी असेल तर मोठ्या. दोन्ही कमी असतील तर एमसीव्हीचा, म्हणजे पेशींच्या सरासरी आकाराचा, आकडा नॉर्मल दिसू शकतो. म्हणून टाइप १ असून लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढत नसेल, तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड तपासायला डॉक्टरांना सांगावं, आणि शक्य असेल तर पराइटल पेशींच्या अँटीबॉडीही. सीलिएक म्हणजे गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजारही टाइप १ मध्ये जास्त दिसतो आणि लोह तोही पळवतो. पक्कं निदान दुर्बिणीनं जठराचे तुकडे काढून होतं. त्यासाठी नागपूर, अमरावती किंवा सेवाग्राम-सावंगीपर्यंत जावं लागेल, पण रक्ताचा नमुना तालुक्यातूनही पाठवता येतो.

हल्ला थांबवणारं औषध रोजच्या वापरात नाही. उणीव मात्र भरून काढता येते. लोह शिरेतून देतात. बी-१२ ची इंजेक्शनं आधी थोड्या थोड्या दिवसांनी, मग महिन्या-दोन महिन्यांनी, आयुष्यभर. रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळीही चालू शकते, कारण इंट्रिन्सिक फॅक्टरविनाही त्यातलं सुमारे १ टक्का आत झिरपतं आणि दिवसाची गरज २ मायक्रोग्रॅमच्या आसपासच असते. आम्ल घटल्यावर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं आणि त्यामुळे जठरात बारीक गाठी होऊ शकतात, कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो; म्हणून काही वर्षांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहतात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर आम्लाअभावी तीही कमी शोषली जाते, तेव्हा तिचा डोस वाढवावा लागला तर नवल नाही.