खापराच्या आतल्या बाजूचा पुरावा

नैऋत्य इथिओपियात अबाया आणि चामो या सरोवरांच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशात गामो लोक राहतात. जव, गहू आणि केळीसारखे दिसणारे एन्सेट ही त्यांची महत्त्वाची पिके. पाणी भरणे, शिजवणे, आंबवणे आणि साठवणे या कामांसाठी येथे मातीची भांडी मोठ्या प्रमाणावर वापरली जात असल्याने, अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉन आर्थर यांनी १९९० च्या दशकात तेथे राहून घराघरांतील भांड्यांचा अभ्यास केला. जिवंत समाजातील वस्तूंचा वापर पाहून जमिनीखालचे अवशेष समजून घेण्याच्या या शाखेला लोकपुरातत्त्व म्हणतात.

गामो समाजात भांडी घडवणे हे स्त्रियांचे काम आहे आणि तेही ‘माना’ नावाच्या कुंभार समूहातील स्त्रियांचे. मुलगी हे कौशल्य आईच्या शेजारी बसून शिकते. चाक वापरले जात नाही. भांडे हातानेच उभे केले जाते, सावकाश वाळवले जाते आणि उघड्यावर सरपण रचून भाजले जाते. जमीनधारक शेतकऱ्यांचा समूह ‘माला’ म्हणून ओळखला जातो. जमीन आणि मान हे दोन्ही परंपरेने त्यांच्याकडेच राहिले असून, ज्यांच्या भांड्यांवाचून कोणाचेही घर चालत नाही, त्या कुंभारांना मात्र खालचे स्थान मिळाले आहे.

आर्थर यांच्या अभ्यासातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग भांड्याच्या आतल्या पृष्ठभागाशी निगडित आहे. धान्यापासून बियर बनवताना मिश्रण मोठ्या रांजणात आंबत ठेवतात. आंबण्याच्या क्रियेत तयार होणारी आम्ले हळूहळू रांजणाच्या भिंतीवर परिणाम करतात. आतला गुळगुळीत थर सुटतो, बारीक खड्डे पडतात आणि मातीत मिसळलेले भरड कण उघडे पडतात. पळीने ढवळल्यामुळे होणारी झीज वेगळी असते, कारण ती पळी जिथे घासते तिथेच ओरखड्यांच्या रूपाने दिसते. आंबवणाची झीज मात्र द्रव जिथवर पोहोचतो तिथवर पसरलेली असते. चुलीवरच्या भांड्यांची ओळख आणखी निराळी: बाहेर काजळी आणि आत करपलेल्या अन्नाचे डाग.

ही झीज श्रीमंतीशी जोडलेली आढळली. बियरसाठी पोटाला पुरून उरेल इतके धान्य लागते, शिवाय सरपण आणि घरातील स्त्रियांचे बरेच श्रमही लागतात. त्यामुळे वारंवार बियर करणे आणि ती मेजवानीत पाहुण्यांना पाजणे मुख्यतः जमीनजुमला असलेल्या घरांनाच परवडते. आतून झिजलेले रांजण अशा वरच्या समूहातील संपन्न घरांत ठळकपणे दिसले. घर पडले, धान्य संपले, माणसे गेली, तरी रांजणाचे तुकडे मागे राहतात आणि त्यांच्या आतल्या बाजूवरून, इतर पुराव्यांच्या जोडीने, त्या घराच्या ऐपतीचा अंदाज बांधता येतो. आकार आणि नक्षी यांवरच भर देणाऱ्या अभ्यासकांनी हे अधिक गांभीर्याने घ्यायला हवे, असे मला वाटते.

सावधगिरी मात्र आवश्यक आहे. आंबट दूध किंवा अन्य आम्लधर्मी पदार्थांनीही भांडे झिजू शकते, आणि जमिनीतील क्षार ओलसरपणाबरोबर खापरात शिरून स्फटिकरूप झाले की पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात. जमिनीतले क्षार आतबाहेर असा भेद करत नाहीत, त्यामुळे केवळ आतला पृष्ठभाग खराब असेल तर संशयाचा काटा वापराकडे झुकतो. त्यानंतर खापराच्या छिद्रांत अडकलेले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. बियरसाठी मोड आणलेल्या धान्यातील कणांवर विकरांच्या (एन्झाइमांच्या) क्रियेमुळे खाचखळगे पडलेले दिसतात.

मोजणीतही एक अडचण आहे. रोज आचेवर चढणारी छोटी भांडी लवकर फुटतात, तर एका जागी ठेवलेला रांजण अनेक वर्षे टिकतो. म्हणून उकिरड्यात सापडलेल्या खापरांचे प्रमाण हे घरात एका वेळी असलेल्या भांड्यांचे प्रमाण मानले, तर बियरच्या रांजणांची संख्या प्रत्यक्षाहून कमी भरते.