न्हाणी

न्हाणी म्हणजे नळ येण्याआधीच्या मराठी घरातली आंघोळीची जागा. शहरातल्या वाड्यात ती मागच्या चौकात, विहिरीला लागून असे. कोकणात ती परसदारी, माडाच्या झावळ्यांचा कुड घालून केलेली. देशावरच्या साध्या घरात परड्यातला एक सपाट दगड आणि आडोशाला तुराट्यांचा कुड एवढ्यावर भागे. खाली फरशी, फरशीला उतार आणि उताराच्या टोकाला मोरी, इतके सगळीकडे सारखे. भिंत, छप्पर आणि दार ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. सांडपाणी अळूच्या वाफ्याला, केळीला नाहीतर कर्दळीला सोडलेले असे. जुन्या घरामागे अळू माजलेले दिसले, की न्हाणीची मोरी बहुधा तिथेच सापडते.

मराठीत अंग धुण्याला एक शब्द पुरत नाही. रोजची ती आंघोळ. न्हाणे म्हणजे डोक्यावरून, केस धुऊन. तीर्थावर किंवा पर्वकाळी होते ते स्नान, आणि प्रेतयात्रेहून परतल्यावर अंगावरच्या कपड्यांसकट करायचे ते सचैल स्नान. आंघोळ न झालेला माणूस पारोसा. चार तांबे ओतून उरकली तर ती कावळ्याची आंघोळ. मुलीला पहिल्यांदा पाळी आली की 'न्हाण आले' म्हणत, आणि पाळीतली बाई चौथ्या दिवशी न्हायल्याशिवाय स्वयंपाकघरात येत नसे. त्या तीन दिवसांत तिला पाण्याची सर्वांत जास्त गरज असे आणि नेमक्या त्याच दिवसांत पाण्याला हात लावायची तिला मनाई असे. वापरलेली फडकी लपवून, सावलीत, ओलसर कोपऱ्यात वाळवावी लागत. न्हाणीबद्दल हळवेपणाने लिहिताना हे सहसा गाळले जाते, म्हणून इथे आधी नोंदवले आहे.

न्हाणीत पाणी येई ते कोणाच्या तरी डोक्यावरून. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो ओझे. घरात सहा माणसे आणि प्रत्येकाला पंधरा लिटरची एक बादली धरली, तरी नुसत्या आंघोळीचे नव्वद किलो पाणी रोज आड किंवा नदीपासून घरी आणायचे. पिण्याचे, भांड्यांचे, धुण्याचे आणि गुरांचे वेगळे. ही वाहतूक जवळजवळ सगळी बायकांची. अंगणात आड असलेल्या घरात रहाट ओढावा लागे, पण खेप वाचे. शहरात पैसेवाल्यांकडे पखालीतून पाणी घालणारा भिस्ती येई. कोकणातल्या काही घरांना डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पोफळीच्या पोकळ खोडांच्या पन्हळींतून थेट परसात मिळे, आणि अशा घरात सून म्हणून जाणे हे भाग्यच होते. एरवी आंघोळीला किती पाणी घ्यायचे याचा हिशोब घरातली बाई ठेवी. कोणी एक तांब्या जास्त घेतला, तर तो तिच्या मानेवरचा असे.

पाणी तापवायला गरिबाघरी चुलवणावर मातीचे मडके किंवा हंडा असे आणि जरा बऱ्या घरात तांब्याचा बंब. बंबाची रचना फार हुशारीची आहे. बाहेरून तो पायांवर उभा असलेला गोल पिंप दिसतो. आत मधोमध उभी नळी असते, नळीखाली जाळी. जळण नळीत वरून टाकायचे, वारा जाळीतून खालून ओढला जातो, धूर वरून निघतो आणि राख खाली पडते. पाणी नळीभोवती असल्यामुळे विस्तवाला चारही बाजूंनी वेढून बसते, म्हणून उघड्या चुलीच्या मानाने आच वाया कमी जाते. नारळाची करवंटी, लाकडाच्या ढलप्या, चिपाडे, गोवरीचे तुकडे, काहीही चाले. पहाटे अंधारात कोणीतरी उठून बंब पेटवी. थोड्याच वेळात तांबे सूं सूं आवाज करू लागे आणि तोटीतून येणाऱ्या पाण्याला किंचित धुराचा वास असे. सणाआधी तोच बंब चिंच आणि राखेने लख्ख घासला जाई.

तापलेले पाणी घंगाळात काढत. घंगाळ म्हणजे दोन कड्यांचे, पसरट तोंडाचे, तांब्याचे किंवा पितळेचे भांडे. कढत पाण्यात थंड पाणी घालून ते अंगाला सोसेल असे करणे याला 'विसण घालणे' म्हणतात. हा शब्द नळाच्या घरांतून जवळजवळ गेला आहे, पण इतका नेमका दुसरा शब्द मराठीत नाही. आंघोळ करणारा आतून 'विसण आणा' म्हणून हाक मारी आणि बाहेरचे कोणी बादली आत सरकवी. टाचा घासायला वज्री असे. ही खालून खरखरीत दातेरी असलेली धातूची घासणी. हौशी घरांत तिच्या मुठीवर मोर, पोपट किंवा जोडपे घडवलेले असे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा वज्र्या पाहायला मिळतात. ज्यांना वज्री नव्हती त्यांना विटेचा तुकडा किंवा खरबरीत दगड होताच.

साबण घरोघर पोचण्याआधी अंगाला हरभऱ्याच्या डाळीचे पीठ लावत आणि केसांना शिकेकाई किंवा रिठा. या दोन्हींत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. पाण्यात त्यांचा फेस होतो आणि तेल सुटून येते. शिकेकाई कुटून, तिच्यात आवळकाठी, संत्र्याची साल, मेथी, गव्हला-कचोरा घालून पाण्यात उकळायची आणि गाळून कोमट असताना चोळायची. डोळ्यांत गेली की भयंकर झोंबते, त्यामुळे लहान मुलींचे न्हाणे म्हणजे हमखास रडारड. लांब केस असे धुवायला आणि वाळवायला अर्धा दिवस लागे, म्हणून बायका रोज न्हात नसत. नरक चतुर्दशीला मात्र सगळ्या घराचे अभ्यंगस्नान: पहाटे तिळाचे तेल, मग आंबेहळद, नागरमोथा, वाळा, चंदन यांचे उटणे, आणि कोकणात त्याआधी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फोडलेले कारिटाचे कडू फळ.

दात घासायला बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी, नाहीतर कोळशाची राखुंडी. अनेक बायका मिश्री लावत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिचे व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तेव्हा तिला दंतमंजन म्हणणे चूक आहे. शौचाला 'परसाकडे जाणे' हा शब्दच जागा सांगतो. बायकांना त्यासाठी पहाटेचा किंवा तिन्हीसांजेनंतरचा अंधार गाठावा लागे. हात मातीने किंवा राखेने घासत. वाड्यांत टोपलीचे शेतखाने होते. घर स्वच्छ ठेवायचे म्हणून रोज ती टोपली डोक्यावर वाहायची सक्ती एका जातीवर लादलेली होती.

बाळाची आंघोळ हे न्हाणीतले सर्वांत कसबी काम. अनुभवी बाई पाटावर पाय लांब करून बसे, बाळ तिच्या पोटऱ्यांवर. तेलाने चोळून, कणकेच्या गोळ्याने अंगाची लव काढून, ओंजळीच्या आडोशाने डोक्यावर पाणी घाली. मग ओवा आणि वावडिंगाची धुरी. बाळाच्या नाकाकानात तेल घालू नये आणि धुरी देऊ नये, असे आज डॉक्टर सांगतात आणि ते बरोबर आहे. चोळण्यातली हाताची माया मात्र ठेवण्यासारखी आहे.

घराबाहेर पुरुष नदीवर, बारवेवर किंवा चालू मोटेच्या पाण्याखाली आंघोळ करत. वज्रेश्वरी, राजापूरजवळचे उन्हाळे, जळगाव जिल्ह्यातले उनपदेव या गरम झऱ्यांवर त्वचेच्या आणि सांध्यांच्या दुखण्यांसाठी लोक मुद्दाम जात. गोव्यात वेर्ण्याजवळची केसरव्हाळची झर त्याचसाठी प्रसिद्ध.

पण पाणवठा सर्वांचा नव्हता. ज्यांना विहिरीला हात लावायची बंदी होती, त्यांना वरून कोणी ओतील तेव्हाच पाणी मिळे, आणि मग त्यांनाच अस्वच्छ म्हटले जाई. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला, तरी महाडचे चवदार तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने १९३७ मध्ये लागला. मराठी मुलखातल्या स्वच्छतेच्या इतिहासात या तारखा साबण आणि नळ यांच्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

नळाच्या आधीही शहरांत पाणी खेळवलेले होते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी औरंगाबादला भूमिगत नहर आणली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्याच्या हौदांत पाणी येऊ लागले, पण हौदापासून घरापर्यंत घागर उचलावीच लागे. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मुंबईत आले आणि १८७९ च्या खडकवासला धरणानंतर पुण्यात नळ वाढले. न्हाणीचे 'बाथरूम' व्हायला त्यानंतरही कित्येक दशके गेली; बंब तर विजेचा आणि गॅसचा गीझर येईपर्यंत टिकला. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात अजून टँकरची वाट पाहावी लागते, आणि आंघोळीचे पाणी हंड्यांवर मोजले जाते.